ताठ चामडं, सैल शर्ट: ठाण्यातल्या एका होल्स्टरचं प्रकरण

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ पिढीजात पेढी असलेले एक सराफ. वय साठीच्या अलीकडे, अंगाने भरलेले, उजव्या हाताचे. त्यांच्याकडे कानपूरच्या शस्त्र कारखान्यात बनलेलं .32 बोअरचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, रीतसर परवान्याचं. इतकी वर्षं ते चेनच्या बॅगेत ठेवून, बॅग खांद्याला लावून ने-आण करायचे. बॅग हिसकावली गेली तर शस्त्रही तिच्याबरोबर जाईल, ही धास्ती बसल्यावर त्यांनी ते कमरेला लावायचं ठरवलं आणि पट्ट्याच्या बाहेरून बसणारं चामड्याचं तयार होल्स्टर, म्हणजे शस्त्राचं म्यान, विकत आणलं. काही आठवड्यांतच ते होल्स्टर घेऊन ते वागळे इस्टेटमधल्या आमच्या कामाच्या जागी आले. शस्त्र आत डुगडुगतं, शर्टावरून दिसतं, आणि शर्टाला तेलाचे डाग पडतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तिन्हींचं मूळ एकच निघालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

मी पट्टे, पाउच आणि होल्स्टर शिवतो. शस्त्र कसं चालवावं हे शिकवणं माझं काम नाही, ते ज्याचं त्याने रेंजवर प्रशिक्षकाकडून शिकावं. चामडं शस्त्राला कसं धरतं आणि कापडाखाली कसं बसतं, एवढ्याच हद्दीत इथे बोलेन.

कायद्याची बाजू

आधी हे सांगायला हवं, कारण झाकून नेणं म्हणजे काहीतरी संशयास्पद असा समज आपल्याकडे सर्रास आहे. प्रत्यक्षात उलट आहे. शस्त्र अधिनियम 1959 चा, त्याखाली 2016 साली नवे शस्त्र नियम आले. त्यांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य पिशवीत असली पाहिजे, पूर्णपणे झाकलेली असली पाहिजे, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा असला पाहिजे. शस्त्र मिरवायला सक्त मनाई आहे. ठाणे शहरात परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, आणि नियम मोडला तर परवान्यावर गदा येऊ शकते. सराफांना हे ठाऊक होतं. त्यांची अडचण व्यवहारातली होती: गोखले रोडच्या गर्दीत शर्ट जरा वर सरकला आणि कुणी मूठ पाहिली तर तो माणूस 112 वर फोन करणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कायद्याची दुसरी बाजू आमच्या धंद्याची. परवानाधारकाचं शस्त्र आम्ही ठेवून घेत नाही. ‘दोन दिवस ठेवून जा, माप घेतो’ हे शिंप्याकडे चालतं, इथे नाही. ते समोर बसले, काडतुसं घरीच ठेवून आले होते, रिव्हॉल्व्हर मधून उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं त्यांनी दाखवलं, आणि ते त्यांच्याच हातात असताना पुठ्ठ्यावर बाह्यरेषा काढून घेतली. जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजली. त्यावरून लाकडाचा साचा कोरला. रंग न दिलेला, बारकावे नसलेला ठोकळाच तो, लांबूनसुद्धा कुणाला शस्त्र वाटू नये असा. पुढचं बहुतेक काम त्या लाकडावरच झालं.

पहिल्या होल्स्टरचं काय बिनसलं

आणलं तेव्हा ते होल्स्टर चांगलं होतं. शिवण सरळ, चामडं जाड, आकार बऱ्यापैकी ओतलेला. फक्त घट्ट होतं. इतकं घट्ट की एका हाताने शस्त्र निघेना, दुसऱ्या हाताने होल्स्टर खाली ओढावं लागे. नवं चामडी होल्स्टर असंच असतं, असंच असायला हवं. पण घरात कुणाला ते माहीत नव्हतं. थोरले बंधू म्हणाले, “अरे, नवी कोल्हापुरी चावते तेव्हा काय करतो आपण? एरंडेल पाज तिला, आणि दे उन्हात टाकून.” थोरल्यांचा शब्द, शिवाय सल्ला घरोघरी चालणारा. दोन रात्री एरंडेल चोळलं, दिवसा गॅलरीत ऊन दाखवलं. होल्स्टर छान मऊ झालं, शस्त्र अलगद निघायला लागलं, सगळे खूश.

कोल्हापुरीला हा उपाय लागू पडतो, कारण चप्पल पावलाबरोबर वाकली पाहिजे. होल्स्टर अजिबात वाकता कामा नये. दोन्हींचं चामडं मात्र एकाच घराण्यातलं: बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं. या चामड्याचा एक गुण फार मोलाचा आहे. ते ओलं करून एखाद्या वस्तूवर दाबून बसवलं आणि सावलीत वाळवलं की त्या वस्तूचा आकार धरून ठेवतं. आतले तंतू एकमेकांत अडकून बसतात. क्रोम टॅनिंगचं चामडं, म्हणजे जॅकेटचं किंवा पर्सचं मऊ चामडं, तसा आकार धरत नाही, म्हणून होल्स्टरसाठी ते कामाचं नाही. तेल या तंतूंच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांवरून सरकू देतं. आपल्याला ‘मऊ झालं’ असं वाटतं, पण आत आकाराची पकड सुटलेली असते. भरीला ऊन लागलं की वरचा पापुद्रा कोरडा होऊन तडकायला लागतो, आतून मात्र चामडं तेलकट लिबलिबीत राहतं.

टेबलावर ठेवून पाहिलं तेव्हा दिसलं ते असं. होल्स्टरचं तोंड दोन बोटांच्या चिमटीत सहज मिटत होतं. लाकडी साचा घालून उलटं धरलं की साचा आपल्या वजनाने खाली पडत होता. ट्रिगरभोवतीच्या कडीचा भाग जिथे झाकला जातो, तिथलं चामडं ताणून फुगलं होतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट: साचा बाहेर काढून परत घालताना तोंडाची बाहेरची कड आत दुमडत होती. दुमडलेली कड साच्याबरोबर खाली जाऊन नेमकी ट्रिगरच्या जागी पोचत होती. मऊ पडलेल्या होल्स्टरमध्ये शस्त्र परत ठेवताना चामड्याची घडी ट्रिगरवर दाबली जाऊन गोळी सुटल्याचे अपघात जगभर झालेले आहेत. हे रिव्हॉल्व्हर आहे, ट्रिगर जड आहे, असं म्हणून यावर समाधान मानता येत नाही. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस जोर लावून खाली ढकलतो तेव्हा जड ट्रिगरही दबतो.

“परत ताठ होईल का?” त्यांनी विचारलं. होत नाही. एकदा मुरलेलं तेल पूर्ण निघत नाही. त्यांना हे समजावून, त्यांच्या संमतीने, ते होल्स्टर तिथेच रापीने उभं चिरलं. घरात तसंच पडून राहिलं असतं तर कुणीतरी कधीतरी वापरलंच असतं.

शर्टावर का उमटत होतं

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि ते पहिल्या झटक्यात लक्षात येत नाही. सराफ म्हणत होते, “आधी घट्ट होतं तेव्हा दिसत नव्हतं, आता सैल झाल्यावर दिसतं. सैल वस्तू तर अंगावर जास्त सोयीने पडायला हवी!” पट्ट्याबाहेरचं होल्स्टर शस्त्राला दोन बाजूंनी कवटाळतं आणि दोन्ही टोकांच्या खाचांतून पट्टा ओवला की पट्टा त्याला कंबरेकडे खेचून धरतो. चामडं ताठ असेल तर हा खेच सगळीकडे सारखा पोचतो आणि मूठ बरगडीच्या खालच्या मऊ भागाला चिकटून राहते. चामडं लेचंपेचं असेल तर पट्ट्याच्या रेषेवर तेवढं आवळतं, वरचा भाग मोकळाच राहतो. रिव्हॉल्व्हरची मूठ वर असते, वजनही बरंचसं वरच असतं, मग मूठ बाहेरच्या बाजूला कलंडते आणि शर्टाला तंबूच्या खुंटीसारखं वर उचलते. म्हणजे ज्या ताठपणामुळे ट्रिगर सुरक्षित राहतो, त्याच ताठपणामुळे शस्त्र झाकलंही जातं. या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेतच.

दुसरा दोषी होता पट्टा. दोन्ही बाजूंनी घालता येणारा, बकल फिरवायचा, आत पुठ्ठ्यासारखं काहीतरी भरलेला पातळ पट्टा. ऑफिसच्या पँटला शोभतो, पण साधारण 700 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर त्याला लटकवलं की तो तिथल्या तिथे पिळवटतो. मी कुठल्याही गिऱ्हाइकाला होल्स्टरच्या आधी पट्ट्याचा खर्च करायला सांगतो. लोकांना ते पटायला वेळ लागतो, कारण पट्टा कुणाला दाखवायचा नसतो.

नवं कसं केलं

चामडं म्हशीचं, पाठीच्या भागातलं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून जाड कामाला बहुतेक म्हशीचंच चामडं हाताशी असतं. दाणा जरा भरड, पण पाठीचा भाग घट्ट विणीचा मिळाला तर होल्स्टरला उत्तम. पोटाकडचा भाग स्वस्त मिळतो आणि ताणला जातो, तो इथे चालत नाही. जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. तोंडाला बाहेरून आणखी एक पट्टी शिवली, म्हणजे शस्त्र बाहेर काढल्यावरही तोंड उघडंच राहावं. कोमट पाण्यात भिजवून साच्यावर बसवलं, हाडाच्या गुळगुळीत पट्टीने ट्रिगरची कडी आणि सिलिंडरचा, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या गोल भागाचा, फुगवटा यांच्या कडा दाबून उठवल्या, आणि पंख्याखाली सावकाश वाळू दिलं. घाई म्हणून हेअर ड्रायर फिरवणारे कारागीर आहेत. तसं चामडं वरून कडक आणि आत कच्चं राहतं.

या रिव्हॉल्व्हरचा हॅमर, म्हणजे गोळीवर आघात करणारा मागचा घोडा, बाहेरून दिसणारा आहे आणि ते नळीकडे मोडून उघडतं, त्यासाठीचा खटका वरच्या बाजूला आहे. हॅमरवरून जाणारी बटणाची पट्टी ठेवली, पण तिची कड त्या खटक्यावर दाबत नाही ना, हे शस्त्र त्यांच्या हातात असतानाच पुन्हा पुन्हा पाहून घेतलं आणि पट्टी थोडी खाली घेतली.

एका ठिकाणी नेहमीचं गणित बदलावं लागलं. होल्स्टर पुढे झुकलेलं असलं की मूठ पाठीच्या बाजूला कमी टोचते, म्हणून साधारण 15 अंशांचा कल देतात. सराफांचं पोट सुटलेलं आहे. त्यांचा पट्टा पोटाखालून जातो, म्हणजे पुढच्या बाजूला खाली उतरतो आणि पाठीमागे वर चढतो. सपाट टेबलावर 15 अंश दिसणारा कल त्यांच्या कमरेवर वीसच्या पुढे गेला असता, आणि मूठ पोटाच्या वळकटीत रुतली असती. म्हणून खाचा कापताना कल 10 अंशांवरच ठेवला. पुस्तकातलं माप आणि माणसाचं अंग यांत फरक पडतो तो असा. शिवाय त्यांचा उजवा खांदा धरलेला असतो, हात फार मागे जात नाही. घड्याळाच्या तबकडीवर पोट 12 धरलं तर होल्स्टर चारवर जास्त झाकलं जातं, पण त्यांना तिथे हात पोचवायला त्रास होत होता. तीन आणि चारच्या मधे बसवलं.

पट्टा दोन थरांचा, 38 मिलिमीटर रुंद, मधे शिवण मारलेला. होल्स्टरच्या खाचा त्याच्याहून नावापुरत्या मोठ्या. खाच सैल ठेवली की होल्स्टर पट्ट्यावर मागेपुढे सरकतं आणि हात रोज वेगळ्या जागी जातो.

रुळवणं

नवं होल्स्टर परत घट्टच होतं, अर्थात. हातात देताना त्यांना आणि सोबत आलेल्या मुलाला सांगितलं की यावर तेल नाही, पाणी नाही, ऊन नाही, ड्रायर नाही. घरी थोरल्यांनाही सांगा. मुलगा म्हणाला, “काकांना तुम्हीच फोन करा, आमचं ऐकणार नाहीत.” केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मग ते सैल होणार कसं? प्रश्न योग्यच होता.

दुधाची पिशवी धुऊन, पुसून, कोरडी करायची. तिचं प्लास्टिक होल्स्टर रुळवायला अगदी नेमक्या जाडीचं असतं. त्याचे दोन पदर लाकडी साच्याभोवती घट्ट गुंडाळायचे आणि साचा होल्स्टरमध्ये शेवटपर्यंत ढकलायचा. पहिल्या वेळी जोर लागतो. हॅमरची पट्टी त्यावरून ओढून बटण लावायचं, कारण ती पट्टीही मुद्दाम तोकडी ठेवलेली असते आणि तिलाही ताण लागतो. रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी साचा सरळ वर ओढून काढायचा. पिळायचा नाही, डावीउजवीकडे हलवायचा नाही, कारण पिळल्याने तोंडाकडचा भाग फाकतो आणि खालचा तसाच घट्ट राहतो. मग प्लास्टिक काढून नुसता साचा घालून बघायचा. प्लास्टिकच्या जाडीएवढी जागा चामड्याने सोडलेली असते, त्याहून जास्त नाही. हवी तेवढीच.

काम झालं की नाही हे बघताना बहुतेकांची गफलत होते. होल्स्टर हातात धरून बघतात. हातात ते नेहमी सैल लागतं. कमरेला लावून पट्टा आवळला की दोन्ही टोकं मागे खेचली जातात आणि आतली जागा आवळते. म्हणून परीक्षा अंगावर घ्यायची, रोजच्या भोकात पट्टा लावून. हातात बरोबर वाटेपर्यंत सैल केलं तर अंगावर घट्ट राहील, आणि मग माणूस आणखी सैल करत बसेल. सराफांना मी उलटं सांगितलं: अंगावर एका हाताने, ठाम पण धसमुसळं न करता निघालं की थांबा. त्यानंतर रोजच्या वापराने, अंगाच्या उबेने आणि घामाने चामडं आपसूक थोडं सैलावतं, त्याला वाव ठेवायचा. दुसरी खूण अशी, की बटण न लावता होल्स्टर गादीवर उलटं धरून हलकंसं हलवलं तर साचा पडता कामा नये.

प्रत्यक्ष शस्त्र यात शेवटी आलं. घरात सराव करायचा तर काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटानेही चाचपायची. नळीचं तोंड कुठे असेल हे आधी ठरवायचं. फ्लॅटमध्ये प्रत्येक भिंतीपलीकडे शेजारी असतात, म्हणून त्यांनी कोपऱ्यात वाळूची बादली ठेवली आणि शस्त्र रिकामं असूनही नळी कायम तिकडेच ठेवली. या गृहस्थांबद्दल माझा आदर तिथे वाढला. परत ठेवताना मान वळवून होल्स्टरच्या तोंडाकडे बघायचं, शर्टाचं टोक डाव्या हाताने पूर्ण वर धरायचं, बोट ट्रिगरपासून लांब सरळ ठेवायचं आणि अंगठा हॅमरवर ठेवून सावकाश आत सोडायचं. काही अडलं आणि ट्रिगर दबू लागला तर हॅमर मागे उचलला जातो आणि अंगठ्याला ते लगेच कळतं. बाहेर काढण्याची घाई एक वेळ समजू शकते, परत ठेवण्याची घाई कधीच नसते.

कुरकुर

रुळल्यावर नवी तक्रार आली. खुर्चीतून उठताना होल्स्टर कुरकुरतं. दुकानात गिऱ्हाइकांसमोर प्रत्येक वेळी चामडं करकरायला लागलं तर नीट झाकूनही उपयोग काय? हा आवाज शस्त्राचा नसतो, पट्टा आणि होल्स्टर एकमेकांवर घासतात तिथला असतो. खाचांच्या आतल्या कडांवर आणि पट्ट्याच्या तेवढ्याच भागावर मधमाशीचं मेण कोरडं घासलं. आवाज थांबला.

कपडे, शटर आणि देऊळ

झाकण्याचं अर्धंअधिक काम कपड्यांचं. सराफांचे नेहमीचे शर्ट पांढरे, पातळ, आणि आत खोचलेले. खोचणं बंद करावं लागलं. बुशशर्ट घेतले: खालची कड सरळ, कारण बाजूला गोल कापलेला शर्ट नेमका कंबरेवरच वर चढतो. होल्स्टरच्या टोकाखाली वीतभर नाही तरी चार बोटं तरी कापड असावं. चौकडीच्या किंवा छापील कापडावर उंचवटा नजरेत भरत नाही, एकरंगी फिक्या कापडावर प्रत्येक घडी दिसते. कापड जरा अंगदार हवं, जाडसर सुती चांगलं. अर्धा नंबर मोठा शर्ट पुरतो. फार ढगळ घातला तर वाऱ्याने अंगाला चिकटतो आणि आकार उलट ठळक करतो. सणावाराला कुडता घालायचे, त्याच्या बाजूच्या फटीतून होल्स्टरची कड डोकावायची. त्यावर जाकीट घातलं की प्रश्न मिटतो.

पण कपड्यांपेक्षा हालचाल जास्त दगा देते, आणि त्यांच्या बाबतीत ती हालचाल म्हणजे दुकानाचं शटर. रात्री दुकान बंद करताना ते स्वतः हात उंच करून शटर ओढायचे, मग कमरेत वाकून जमिनीलगतचं कुलूप लावायचे. हात वर गेला की शर्ट वर. कमरेत वाकलं की पाठीकडचं कापड ताणून मुठीवर बसतं, आणि मागे उभ्या माणसाला तिचा कोन स्पष्ट दिसतो. शिवाय त्या क्षणी तोंड शटरकडे, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात कुलपात. मुलाने त्यांचा तेवढ्या वेळाचा व्हिडिओ मागून काढला आणि त्यांना दाखवला. आरशासमोर उभं राहून जे कधीच कळलं नसतं ते तिथे कळलं. आता शटर मुलगा किंवा दुकानातला माणूस ओढतो, कुलूपही तोच लावतो, आणि सराफ रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात. एकट्याने लावायची वेळ आलीच तर गुडघ्यात बसून, पाठ ताठ ठेवून. वाकणं टाळून गुडघ्यात बसणं ही सवय मात्र वेळ घेते, आणि या वयात गुडघेही कुरकुरतात. त्यावर माझ्याकडे चामड्याचा उपाय नाही.

स्कूटरवर वारा शर्ट मागून उडवतो. घोडबंदर रोडला तर फारच. त्यांनी वरून साधं, चेनचं पातळ जॅकेट घालायला सुरुवात केली.

एक गोष्ट मी सुचवली नव्हती, त्यांच्या पत्नीने काढली. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कौपिनेश्वराच्या देवळात जातात. “अहो, चामडं लावून देवळात जाणार तुम्ही? आणि काढून ठेवणार तर कुठे, चपलांच्या शेजारी?” दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच खरा आहे. शस्त्र अंगावेगळं करून कुठेही ठेवलं की त्याच्यावरचा ताबा सुटतो. स्कूटरच्या डिकीत ठेवणं म्हणजेही तेच. त्यांनी क्रम बदलला: आधी देऊळ, मग घरी येऊन शस्त्र, मग दुकान. जिथे धातुशोधक आहे, जिथे प्रवेशावर बंधन आहे, मॉल असो की कोर्ट, त्या दिवशी शस्त्र घरी तिजोरीत. हे होल्स्टरचं कौशल्य नाही, पण होल्स्टर वापरणाऱ्याने दिवसाची आखणी याच दृष्टीने करायची असते.

पावसाळा

ठाण्यातल्या पावसाळ्यात चामडं रोज दमट होतं. होल्स्टर भिजलंच तर शस्त्र लगेच बाहेर काढायचं, होल्स्टर कोरड्या फडक्याने टिपायचं, साचा आत घालून पंख्याखाली ठेवायचं. साचा नसेल तर वाळताना चामडं आक्रसतं आणि रुळवलेलं सगळं वाया जातं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की बुरशी ठरलेली. आली तर कोरड्या ब्रशने बाहेर झाडायची, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या अंगाला रंगहीन मेणाचं पॉलिश, बोटावर घेऊन, अगदी थोडं. आतल्या बाजूला काही नाही.

रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही, हा नियम बारमाही आहे. वनस्पती-टॅनिंगच्या चामड्यात आम्ल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, वर माणसाच्या घामातले क्षार. ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या काळ्या निळ्या संरक्षक थरावर, पहिल्यांदा बारीक तांबूस ठिपके येतात ते सिलिंडरच्या कडेला आणि नळीच्या टोकाशी, म्हणजे जिथे चामडं सगळ्यात घट्ट टेकतं तिथे. पुसून, तेलाचा पुसट हात देऊन तिजोरीत ठेवायचं. इथे तेल शस्त्राला लावायचं, होल्स्टरला नाही, आणि सकाळी घालण्याआधी ते कोरडं पुसायचं.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केलं होतं. तेवढे दिवस होल्स्टरमध्ये लाकडी साचा ठेवला होता. परत आल्यावर रिव्हॉल्व्हर पहिल्यासारखंच बसलं.

शेवटची मागणी पट्ट्यावर जास्तीच्या काडतुसांसाठी चामड्याच्या कड्या शिवून देण्याची होती. त्या करून द्यायला मी नकार दिला. पितळ चामड्यात राहिलं की त्यावर हिरवा थर चढतो, काडतूस कडीत चिकटतं, आणि असं काडतूस सिलिंडरच्या घरात पूर्ण बसेलच याची खात्री नसते. त्याऐवजी आतून कापडी अस्तर असलेलं, वरून झाकणाचं छोटं पाउच केलं. ते डाव्या बाजूला बसतं आणि मोबाइलच्या कव्हरसारखंच दिसतं.